जोडीचं पिनियन

बाबुराव ओव्हाळांनी सव्वीस वर्षं ट्रक चालवले, पण त्यातला एकही ट्रक जुना नव्हता. पिंपरीच्या एका कारखान्यात ते चासी पोचवायच्या कामावर होते. केबिन नाही, हौदा नाही. नुसतं इंजिन, चाकं आणि बसायला एक लाकडी फळी. अशी गाडी घेऊन, डोळ्यांवर गॉगल आणि नाकातोंडाला मफलर बांधून ते गुवाहाटीपर्यंत जायचे, कोचीपर्यंत जायचे, डेपोत गाडी उभी करून रेल्वेनं परत यायचे. वाटेत काही झालंच तर फार तर टायर पंक्चर. ट्रक म्हातारा झाला की कसा वागतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

कारखान्यानं स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली तेव्हा बाबुरावांनी अर्ज भरून टाकला. हिराबाईंचं म्हणणं होतं, आलेले पैसे बँकेत ठेवावेत. बाबुरावांचं म्हणणं होतं, बँकेत ठेवलेले पैसे चालवता येत नाहीत. शेवटी निम्मे बँकेत गेले आणि निम्म्यांतून एका वीटभट्टीवाल्याचा जुना दहा टनी ट्रक आला. ट्रकला नुकताच नारिंगी रंग दिलेला होता. बाबुरावांनी रंग बघितला. भट्टीवाला रंगाखालचं काही बोलला नाही.

ओव्हाळ राहायचे धनकवडीत, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. हिराबाई घरीच ब्लाउज शिवायच्या. त्यांच्या हाताला एवढं काम होतं की गॅलरीतसुद्धा अस्तराचे तागे उभे असत. अस्तर, हुक, रिळं सगळं त्या रविवार पेठेतून ठोकमध्ये आणत, आणि तिथले व्यापारी त्यांना लांबून येताना बघूनच भाव थोडा खाली आणत. तेवढाच वेळ वाचायचा. मुलगी निकिता हिंजवडीला एका आयटी कंपनीत लागली होती. सकाळी कंपनीची गाडी यायची, रात्री सोडायची. मधल्या वेळात ती काय करते हे बाबुरावांना नीट सांगता यायचं नाही, पण चांगलं करते एवढं ते खात्रीनं सांगत.

दोन महिने ट्रक छान चालला. कात्रज, आंबेगाव, कोथरूड, जिकडे बघावं तिकडे नव्या इमारती उठत होत्या. विटा, वाळू, फरशी, कशालाही गाडी लागायचीच. मग एका दुपारी कात्रजच्या घाटात, फरशीचा माल घेऊन चढताना मागून आधी घरघर झाली, मग कडकड झाली, आणि इंजिन जोरात चालू असताना ट्रक जागच्या जागी उभा राहिला. बाबुरावांनी उतरून चाकांमागे दगड लावले आणि बराच वेळ ट्रककडे बघत राहिले. कालपर्यंत धडधाकट असलेला माणूस अचानक ओळख देईनासा व्हावा, तसं त्यांना वाटलं.

घाटाच्या पायथ्याशी अनंतचं गॅरेज होतं. दुसऱ्या गाडीनं ओढून ट्रक तिथे आणला. दुसऱ्या दिवशी हिराबाईही डबा घेऊन गेल्या. खरं म्हणजे डबा निमित्त होता. नेमकं किती बुडालंय, ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

अनंतनं मागच्या एक्सलचं तेल काढलं. काळ्या तेलात लोखंडाचा चुरा चकाकत होता. मग त्यानं पोटातला भाग बाहेर काढून फळीवर ठेवला. पातेल्याच्या तोंडाएवढं एक दातेरी कडं होतं आणि त्याला भिडणारा, मुठीएवढा एक दातेरी गठ्ठा, मागे मनगटाएवढा जाड दांडा असलेला.

"हे छोटं, ते पिनियन," अनंत म्हणाला. "इंजिन याला फिरवतं. हे मोठ्याला फिरवतं, तो क्राऊन. क्राऊन चाकं फिरवतो. तुमच्या क्राऊनचे तीन दात गेलेत. बाकीचे जायच्या बेतात हायेत."

"मग मोठंच बदलायचं," हिराबाई म्हणाल्या. "छोटं तर बरं दिसतंय."

"नाही वहिनी. हे कारखान्यात जोडीनंच घासून तयार होतात. दोघांवर एकच नंबर ठोकलेला असतो. दुसऱ्याचं पिनियन लावलं तर महिन्यात दोन्ही खलास."

"नवरा-बायकोसारखं."

"नवरा-बायको जमवून तरी घेतात," अनंत म्हणाला.

नव्या जोडीची किंमत ऐकल्यावर हिराबाईंनी डबा उघडला, बाबुरावांना भाकरी वाढली आणि शांतपणे सांगितलं, "बँकेतल्याला हात लावायचा नाही. नवंच घ्यायचं असेल तर आधी ट्रक विका."

बाबुराव भाकरी चावत राहिले. हिराबाई अनंतकडे वळल्या. "यातलं नवंच काय घ्यावं लागतं, आणि जुनं काय चालतं, तेवढं सांगा."

अनंतला हा प्रश्न आवडला. सहसा गिऱ्हाईक एक तर सगळं नवं घाल म्हणायचं, नाहीतर सगळं जुनं. तो बोटांवर मोजून सांगू लागला. बेअरिंग नवीच हवीत, पण गाडीच्या नावाच्या डब्यातली नकोत. बेअरिंगवर नंबर असतो. त्याच नंबरचं बेअरिंग पिठाच्या गिरणीलाही लागतं आणि ट्रॅक्टरलाही, फक्त डबा साधा असतो. क्राऊन-पिनियन वापरलेलं चालेल, दात चांगले असले आणि जोडी एक असली तर. ऑइल सील मात्र नवं आणि चांगलंच.

"सीलला काय झालंय? रबराचं कडं ते," हिराबाई म्हणाल्या.

"ते गळलं की तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं. मग घाट उतरताना ब्रेक लागत न्हाई."

"सील नवंच घ्या," हिराबाई म्हणाल्या.

बेअरिंग आणायला त्या स्वतः बाबुरावांबरोबर नाना पेठेत गेल्या. दुकानदारानं चष्म्यावरून बघत विचारलं, "कुठल्या गाडीची हवीत?"

"गाडी कशाला विचारता?" हिराबाई म्हणाल्या. "नंबर सांगते, तो द्या."

दुकानदारानं बाबुरावांकडे पाहिलं. बाबुरावांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं. साध्या खाकी पुठ्ठ्यातली बेअरिंग आली, आणि ती डब्यातल्यांपेक्षा इतकी स्वस्त पडली की परतीच्या बसमध्ये हिराबाईंनी ती पिशवी मांडीवर घेतली. खाली ठेवली नाही.

राहिली क्राऊन-पिनियनची जोडी. बुधवारी बाबुराव एकटेच मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेले. तिथे रस्त्याच्या कडेला मैलभर लोखंड पसरलेलं असतं. पंप, पाने, कुलपं, रुग्णालयातल्या खाटा, टेलिफोन. दुपारपर्यंत फिरल्यावर महिपती नावाच्या एका भंगारवाल्याच्या ताडपत्रीवर त्यांना ती जोडी दिसली. क्राऊन आणि पिनियन, तारेनं एकमेकांना बांधलेले. बाबुराव उकिडवे बसले. त्यांनी दात मोजले, पुन्हा मोजले, ठोकलेला नंबर बोटानं पुसून वाचला. दोन्हींवर एकच होता. दात एखाद्या तरण्या माणसाचे असावेत तसे होते.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी हे सगळं सांगितलं. हिराबाई मशीनवर होत्या.

"भाव किती सांगितला?"

बाबुरावांनी सांगितला. नव्यापेक्षा थोडासाच कमी होता.

"आणि तुम्ही त्याला काय म्हणालात?"

"म्हटलं, अगदी हेच हवं होतं."

हिराबाईंनी कात्री खाली ठेवली. "आणखी काही म्हणालात?"

"नाही. आभार मानले."

रविवारची मोहीम हिराबाईंनी स्वतःच्या हातात घेतली. बाबुरावांनी रस्त्याच्या टोकाला चहाच्या टपरीवर थांबायचं, बाजारात पाऊल टाकायचं नाही. त्यांचा चेहरा दिसला की भाव वाढतो. हिराबाई एकट्या जातील आणि ट्रकचं नावही काढणार नाहीत.

रविवारी महिपतीच्या ताडपत्रीपुढे त्या सहज आल्यासारख्या थांबल्या. एक जुनी इस्त्री उचलून बघितली, ठेवली. एका पितळी नळाचा भाव केला, सोडला. मग पायानं क्राऊनला हलकेच ढकललं.

"हे काय आहे हो?"

महिपती साठीचा, मिशीला मेंदी लावलेला, लोखंडी खुर्चीवर बसलेला माणूस. "तुम्हाला कशाला पायजे, ते सांगा," तो म्हणाला.

"कुंडीखाली ठेवायला. गॅलरीत पाणी साठतं. जड काहीतरी हवं, म्हणजे वाऱ्यानं कुंडी पडत नाही."

"कुंडीखाली." महिपतीनं मान डोलावली. "झाड कसलं हाय?"

"मोगरा."

"चांगला हाय मोगरा. मग तुम्हाला किलोच्या भावानं देतो. भंगाराचा भाव. कुंडीसाठी जास्ती कशाला घ्यायचं."

हिराबाईंना आतून आनंदाची उकळी फुटली, पण चेहऱ्यावर त्यांनी ती येऊ दिली नाही. "किलोलाही थोडं कमी करा," त्या म्हणाल्या, कारण लगेच हो म्हटलं असतं तर संशय आला असता. महिपतीनं तेही केलं. मग तो उठला, खाली वाकला, पक्कड घेतली आणि तार तोडली. क्राऊन काट्यावर ठेवला. पिनियन उचलून आपल्या खुर्चीखाली सरकवलं.

हिराबाईंनी खुर्चीखाली बोट दाखवलं.

"ते छोटंही टाका त्यात," त्या म्हणाल्या. "बांधलेलंच होतं की."

"कुंडीला ते कशाला?"

"असू दे. पोरं खेळतील."

"पोरांच्या पायावर पडलं तर बोटं जातील, ताई. पाप लागेल मला."

"मग दार अडवायला होईल."

"दार अडवायला इटकर घ्या. फुकट मिळते."

आता खरं बोलावं तर कुंडीचं खोटं उघडं पडत होतं, आणि न बोलावं तर पिनियन जात होतं. हिराबाईंनी बटवा उघडला. त्यांनी पैसे दिले. महिपतीच्या माणसानं क्राऊन उचलून रिक्षात ठेवला, वर "सांभाळून न्या, ताई" असंही म्हणाला. टपरीपाशी बाबुराव रिक्षात चढले, मोठ्या कड्याकडे बघून हसले, मग वाकून सीटखाली शोधू लागले.

"शोधू नका," हिराबाई म्हणाल्या. "फसवलं त्यानं मला."

घरी गेल्यावर त्यांनी सांगितलेल्या गोष्टीप्रमाणेच केलं. क्राऊन गॅलरीत ठेवला आणि त्यावर मोगऱ्याची कुंडी ठेवली. एवढं पंचवीस किलोचं लोखंड दुसरीकडे ठेवायला घरात जागा तरी कुठे होती.

बुधवारी दोघंही गेले. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. महिपतीनं पिनियन खुर्चीखालून काढून गुडघ्यावर ठेवलं आणि त्या एकट्याचा भाव सांगितला. तो आधीच्या जोडीच्या भावाएवढाच होता.

"एकटं पिनियन घेणार कोण?" हिराबाई म्हणाल्या. "त्याचा क्राऊन माझ्या घरी आहे."

"आन् एकट्या क्राऊनवर तुम्ही मोगरा लावलाय," महिपती म्हणाला. "छान हाय."

"मग ठेवा तुमच्याजवळ."

"ठिवतो की. ते काय खायला मागतंय."

पुढच्या रविवारीही हेच झालं, शब्द तेवढे थोडे बदलले. ट्रक अनंतच्या गॅरेजमध्ये लाकडी ठोकळ्यांवर उभा होता, मागची चाकं काढलेली. अनंत काही म्हणत नव्हता, पण दुसऱ्या गाड्या रस्त्यावर उभ्या करून त्यांच्याखाली काम करताना ट्रककडे बघायचा, आणि ते बघणं बाबुरावांना बोलण्यापेक्षा वाईट लागायचं.

एका रात्री जेवताना निकितानं सगळी हकिकत ऐकली. हसून तिला ठसका लागला.

"आई, हे टिपिकल डेडलॉक आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे सेम होतं. दोन प्रोग्रॅम असतात. एकाकडे एक वस्तू, दुसऱ्याकडे दुसरी. दोघांनाही दोन्ही लागतात आणि कोणीच आपली सोडत नाही. मग सगळंच हँग."

"मग तुमच्याकडे काय करतात?"

"एकाला किल करतात."

"म्हणजे?"

"बंद पाडतात. किंवा कुणीतरी आधी आपलं सोडतो."

"सोडणार नाही," हिराबाई म्हणाल्या. "बंद पडला तर बघू."

"आई, पैसे मी देते ना. नवा सेट घ्या आणि संपवा."

"तुझे पैसे तुझ्या घराला लागतील. आणि आता प्रश्न पैशाचा राहिलेला नाही."

बाबुराव वाटीतलं वरण ढवळत होते. ते हळूच म्हणाले, "मला मात्र पैशाचाच वाटतो." पण त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी ते पोचले तेव्हा महिपती खुर्चीवर नव्हता. रस्त्याच्या कडेला एका टेम्पोवाल्याशी त्याची जोरात हुज्जत चालली होती. खेड शिवापूरच्या एका बंद पडलेल्या कारखान्याचं भंगार त्यानं लिलावात घेतलं होतं. ते ठरल्या मुदतीत उचललं नाही तर अनामत जाणार होती. टेम्पोवाल्यानं ऐनवेळी भाडं जवळपास दुप्पट केलं, आणि महिपती ते द्यायला तयार नव्हता. टेम्पोवाला बिडी फेकून निघून गेला. महिपती परत येऊन खुर्चीवर बसला, आणि समोर ओव्हाळ दांपत्य बघून म्हणाला, "आज मला वेळ न्हाई, ताई. पुढच्या बाजाराला भांडू."

हिराबाईंनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी बाबुराव बोलले.

"माझ्याकडे ट्रक आहे. दहा टनी."

हिराबाईंनी त्यांची बाही मागून ओढली. बाबुरावांनी ती सोडवून घेतली.

"घाटाखालीच उभा आहे, कात्रजला," ते म्हणाले. "तुमचं सगळं भंगार एका फेरीत येईल. पण तो चालायला हे पिनियन लागतं. कुंडीचं आम्ही खोटं सांगितलं होतं."

"मला ठाऊक हाय," महिपती म्हणाला. "पहिल्या बुधवारी तुम्ही इथं अर्धा तास बसून दात मोजत होता. मोठ्यानं. रविवारी या बाई आल्या, आणि मागं टपरीवर तुम्ही, मान अशी लांब काढून. मला काय दिसत न्हाई का?"

बाबुराव ओशाळले. हिराबाईंनी नवऱ्याकडे बघितलं आणि मग, का कोण जाणे, त्यांनाच हसू यायला लागलं. पदर तोंडाला लावूनही ते थांबेना. महिपतीची मिशीही हलली.

"मग काय म्हणता?" तो म्हणाला. "पिनियन न्या, गाडी चालू करा, माझा माल आणा. भाड्यात फिटलं."

"डिझेल तुमचं," हिराबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"डिझेल माझं कसं?"

"माल तुमचा आहे. आणि चढवायची-उतरवायची माणसं तुमची. एक फेरी. दुसरी लागली तर तिचं भाडं वेगळं."

महिपतीनं बाबुरावांकडे पाहिलं. "तुम्ही गाडी चालवत जा," तो म्हणाला. "बोलणी यांनाच करू द्या. आपण दोघं यातून वाचू."

त्यानं खुर्चीखालून पिनियन काढलं, फडक्यानं पुसलं आणि बाबुरावांच्या हातात ठेवलं. चहाही सांगितला. चहा पिताना त्यानं हिराबाईंना विचारलं, मोगऱ्याला फुलं धरलीत का. त्या म्हणाल्या, धरलीत.

अनंतनं जोडी बसवायला पूर्ण दिवस घेतला. क्राऊनच्या दातांना निळा रंग लावायचा, हातानं फिरवून ठसा कुठे उमटतो बघायचा, पातळ पत्र्याची चकती घालायची किंवा काढायची, परत फिरवायचं. बाबुराव शेजारी बसून होते. सव्वीस वर्षं ज्याच्या जिवावर देश पालथा घातला ते आत असं असतं, हे ते पहिल्यांदाच नीट बघत होते. शेवटी ठसा दाताच्या बरोबर मध्यावर उमटला. अनंतनं बाबुरावांना हात लावून क्राऊन फिरवायला सांगितला. तो लोण्यातून फिरावा तसा फिरला. मग नवी सीलं बसली, नवं तेल पडलं, चाकं चढली, आणि ट्रक ठोकळ्यांवरून जमिनीवर आला. अनंतनं मजुरी सांगितली. हिराबाईंनी एक पैसाही कमी न करता दिली. अनंतलाच ते चमत्कारिक वाटलं.

"काही राहिलं का, वहिनी?" त्यानं विचारलं.

"नाही. तुम्ही कमीत कमी काय लागेल ते सांगितलंत. मग तुमच्याशी कशाला भाव करू?"

खेड शिवापूरला महिपती आधीच पोचला होता. त्याच्या माणसांनी गंजलेले पाइप, पत्रे, तुटकी यंत्रं अशी सगळी रास हौद्यात भरली. परतीला तोही केबिनमध्ये चढला. हिराबाई मध्ये, महिपती खिडकीशी. बायकोला शेजारी घेऊन ट्रक चालवायची बाबुरावांची ही पहिलीच वेळ होती. चासीवर दुसऱ्या माणसाला बसायला जागाच नसायची. ते नेहमीपेक्षा हळू चालवत होते आणि मध्येच एखादं वळण आलं की "इथे डावीकडे बघ" असं हिराबाईंना सांगत होते. डावीकडे नुसता डोंगर होता, पण त्या बघत होत्या.

घाटाचा चढ लागला. बाबुरावांनी गिअर खाली घेतला आणि बोलणं बंद केलं. तिघंही कान मागे लावून बसले. अर्ध्या चढावर मागून आवाज आला. कर्र. मग पुन्हा, कर्र.

बाबुरावांचा चेहरा पडला. त्यांनी ट्रक कडेला घेतला, खाली उतरले, वाकून एक्सलच्या फुगीर पोटाला हात लावला. कोमट होतं, जसं असायला हवं तसं. सीलापाशी बोट फिरवलं. कोरडं. हिराबाईही उतरून बाजूला वाकल्या.

"तुटलं का हो?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज एवढा बारीक झालेला बाबुरावांनी फार वर्षांत ऐकला नव्हता.

"तेच बघतोय."

वरून महिपतीनं हाक मारली. तो मागच्या फळीवर चढला होता. "अहो, हा पाइप," तो म्हणाला. त्यानं पायानं एक लांब पाइप दाबला, आणि तो पत्र्यावर घासून ओरडला. कर्र.

हिराबाई तिथेच दगडावर बसल्या. मग म्हणाल्या, "त्या पाइपला दोरी लावा, महिपती. आणि तुमच्या माणसांनी माल नीट बांधला नाही, तो वेळ आम्ही मोजणार नाही. आज सोडलं."

दोरी बांधली. ट्रक पुन्हा निघाला आणि आवाज न करता बोगद्यापर्यंत चढला. बोगद्यातून बाहेर आल्यावर खाली पुणं दिसलं. इमारतींची गर्दी, पाण्याच्या टाक्या, कात्रजचं तळं. उतारावर बाबुरावांनी ब्रेक दाबून पाहिला. लागला. पुन्हा उगाचच एकदा दाबला. तेव्हाही लागला.

भंगार एका फेरीत मावलं नाही. दुसऱ्या फेरीचं भाडं महिपतीनं हिराबाईंच्या हातात दिलं, बाबुरावांच्या नाही. पुढे त्याचा मालही ओव्हाळांच्याच ट्रकमधून यायला लागला, आणि दर महिन्याला तो भाड्यावरून एकदा भांडायचा, कारण न भांडता पैसे दिले तर त्याला चुकल्यासारखं वाटायचं.

त्या वर्षी हिंजवडीत एकामागून एक काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. दिवाळीच्या आधी बाबुरावांना तिथे फरशी पोचवायचं काम मिळालं. पत्ता वाचला तेव्हा कळलं, निकिताच्या ऑफिसच्या शेजारचीच इमारत. हिराबाई म्हणाल्या, मीही येते. ब्लाउज एक दिवस थांबतील.

माल उतरवून झाल्यावर निकिता खाली आली, गळ्यात ओळखपत्र, बरोबर तिच्या टीममधले दोघं. रस्त्यापलीकडच्या टपरीवर सगळे चहाला उभे राहिले. नारिंगी ट्रक समोरच उभा होता, हौद्यात फरशीची पांढरी धूळ.

"काकू, हा ट्रक तुमचा?" त्यातल्या एकानं विचारलं. "मस्तच आहे."

"यांचा आहे," हिराबाई म्हणाल्या. "मागचा एक्सल तेवढा माझा."

त्याला वाटलं, काकू गंमत करतायत. निकितानं मग त्याला कुंडीपासून सगळं सांगायला सुरुवात केली, आणि बाबुराव मध्ये मध्ये तिच्या चुका दुरुस्त करू लागले. तार महिपतीनं तोडली, कापली नाही. दात त्यांनी मोठ्यानं मोजले नव्हते, पुटपुटत मोजले होते. गोष्ट पिनियनपर्यंत आली तेव्हा गेटवरच्या सुरक्षारक्षकानं शिट्टी वाजवली आणि हातानं ट्रककडे खूण केली. इथे गाडी उभी करायला मनाई होती. बाबुरावांनी चहाचा शेवटचा घोट घेतला, हिराबाईंना हात देऊन केबिनमध्ये चढवलं, आणि निकिता टपरीवर उभी राहून उरलेली गोष्ट सांगत असताना ट्रक वळवून रस्त्याला लावला.